लाकडी लूर: कित्ता कुठवर आणि उचलेगिरी कुठून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या जुन्या 'बिग ओ' घाटणीचा, बाल्सा या अतिहलक्या लाकडाचा क्रँकबेट (ओढला की डुबून हेलकावणारा लूर, म्हणजे गळ लावलेला नकली मासा) समोर ठेवला, त्याच्या बाह्यरेषेचा फर्मा कापला आणि पांगाऱ्याच्या लाकडात तसाच लूर घडवला. तो हवा तेवढा तरंगेना, म्हणून शिसं कमी केलं. आता दिसायला हुबेहूब आहे, पण जरा वेगानं ओढला की कुशीवर पडतो. शिवाय ओळखीचे लोक म्हणतात, ही नक्कल आहे, विकायची नाही. तर नक्कल कुठं थांबते, स्वतःचं काम कुठं सुरू होतं आणि लूर पोहत का नाही?

तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. तुम्ही लूरचं बाहेरचं अंग उचललं. पण लूर पोहतो तो आतल्या हिशेबावर: लाकडाची घनता, शिशाचं वजन आणि जागा, लिपचा (नाकाखालच्या पातळ जिभेचा) कोन. तो हिशेब बाहेरून दिसत नाही, म्हणून उचलताही येत नाही. तो स्वतः मांडावा लागतो, आणि मांडला की लूर आपोआप मूळ नमुन्यापासून दूर जायला लागतो.

आधी तो हिशेब करू. समजा मूळ लूर ६० मिमी लांब, २४ उंच आणि २० जाड आहे. अशा गुबगुबीत अंगाचं आकारमान १४ घन सेंमीच्या आसपास भरतं. हे अंदाजानं ठरवू नका, मोजा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. गळ काढलेला लूर बारीक तारेनं पूर्ण बुडेपर्यंत खाली दाबा, भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंमी आकारमान. दोन मिनिटांचं काम आहे, पण नवशिके हमखास टाळतात आणि मग महिनाभर अंदाजानं शिसं घालत-काढत बसतात.

गोड्या पाण्यात १४ घन सेंमीचं अंग पूर्ण बुडालं की १४ ग्रॅम पाणी बाजूला सारतं. आता बाल्साचा जमाखर्च. ०.१५ घनतेचं (घन सेंमीला ०.१५ ग्रॅम) लाकूड २.१ ग्रॅम. ६ नंबरचे दोन तिहेरी गळ मिळून २ ग्रॅम. स्प्लिट रिंगा (गळ अडकवायच्या कड्या) ०.४, आतली तार ०.६, १.५ मिमी पॉलीकार्बोनेटची लिप ०.९, रंग आणि एपॉक्सी १.५, पोटातलं शिसं ३. एकूण १०.५ ग्रॅम. म्हणजे वर येण्यासाठी ३.५ ग्रॅमची शिल्लक राहते. ओढणं थांबवलं की असा लूर बुचासारखा वर येतो.

तेच अंग पांगाऱ्यात करा. नीट वाळलेला पांगारा ०.३ धरला तर लाकूड ४.२ ग्रॅम होतं. बाकी सगळं तेच ठेवलं तर एकूण १२.६ आणि शिल्लक फक्त १.४. लूर आळशी वाटतो. तो पूर्वीसारखा वर यावा म्हणून तुम्ही शिसं ३ वरून ०.९ ग्रॅमवर आणलं असणार, आणि इथंच तो आडवा झाला. ओढताना लिपमागं पाण्याचे भोवरे आलटून पालटून सुटतात आणि लूरला डावी-उजवीकडे ढकलतात. त्याला परत सरळ करतं ते वरचं उत्प्लावक बल आणि खालचं वजन, यांच्यातलं अंतर. बाल्साच्या लूरची पाठ जवळजवळ हवेसारखी हलकी असते, वजन सगळं पोटात. पांगाऱ्याच्या पाठीलाही वजन आहे. वर तुम्ही पोटातलं काढलंत. गुरुत्वमध्य दोन्हीकडून वर सरकला, मग अंग सावरणार कोण?

पाठीत भोक पाडून पोकळी करावी, ही पुढची कल्पना सगळ्यांनाच सुचते. ६ मिमी व्यासाचं २५ मिमी लांब भोक म्हणजे ०.७ घन सेंमी. पांगाऱ्यात त्यातून सुटतात जेमतेम ०.२ ग्रॅम. हलक्या लाकडात पोकळीचा उपयोग नाही, उलट पाणी शिरायला आणखी एक जागा होते. खरा उपाय म्हणजे अंग वाढवणं. वाढवलेला प्रत्येक घन सेंमी १ ग्रॅम पाणी सारतो आणि ०.३ ग्रॅम लाकूड आणतो, निव्वळ फायदा ०.७. तुम्हाला २.१ ग्रॅम भरून काढायचे आहेत, म्हणजे ३ घन सेंमी वाढवायचे: १४ चे १७. लांबी-उंची तीच ठेवली तर जाडी २० वरून २४ मिमीच्या किंचित वर जाते.

पण २४ मिमी जाडीच्या अंगावरून पाणी २० मिमीसारखं वाहत नाही. गाल फुगले की लिपमागचा प्रवाह बदलतो, हेलकावा रुंद आणि संथ होतो, त्याच खोलीवर न्यायला लिप थोडी मोठी लागते. मोठी लिप म्हणजे आणखी वजन, आणखी ओढ. असे तीन-चार निर्णय घेऊन लूर नीट पोहायला लागेल तेव्हा तो बिग ओच्या घराण्यातला असेल, पण बिग ओ नसेल.

मूळ बिग ओची गोष्टही या प्रश्नाला लागू पडते. टेनेसीतल्या फ्रेड यंग यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो बाल्सातून हातानं कोरला. नाव ओडिस या भावावरून. लूरवर सही आणि क्रमांक असे. मागणी इतकी होती की बास माशाच्या स्पर्धांच्या दिवसांत हे लूर रोजच्या भाड्यानं दिले जात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉटन कॉर्डेल यांनी हक्क घेऊन प्लॅस्टिकचा बिग ओ काढला आणि पाठोपाठ रांग लागली. जिम बॅगली यांचा 'बाल्सा बी', नॉर्मनचा 'बिग एन' आणि असे कित्येक. बाराखडी संपेल की काय, अशी नावं निघाली. या कुळाला तिकडं 'अल्फाबेट लूर' असंच म्हणतात. यातल्या कोणाला चोर म्हणायचं? कॉर्डेल यांनी पैसे मोजून हक्क घेतले होते. बॅगली यांनी बाल्साच वापरला, पण कारखान्यात मोठ्या संख्येनं एकसारखा माल काढायची स्वतःची पद्धत बसवली. नुसतं जाडं अंग आणि चौकोनी लिप उचलून वर नवं अक्षर चिकटवणारेही होते; ते लूर आज कोणाच्या लक्षात नाहीत.

याआधीच्या पिढीत हेच घडलं होतं. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली चांभारी सुरीनं बुचातून वॉब्लर (हेलकावे खाणारा लूर) कोरला, चांदीसारखी चकाकी यावी म्हणून चॉकलेटचा वर्ख गुंडाळला आणि वर लॅकर म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लावल्या. पुढं लाकूड बाल्सा झालं. १९६२ साली 'लाइफ' मासिकाच्या मॅरिलिन मन्रोवरच्या अंकात त्यावर लेख आला आणि अमेरिकेत लूर मिळेनासा झाला. मग आर्कान्सातल्या जॉर्ज पेरिन यांच्या रेबेल मिनोसारखे तशाच सडपातळ घाटाचे प्लॅस्टिकचे मासे बाजारात आले. प्लॅस्टिकचं कवच आणि आतली हवा यांचा हिशेब बाल्सापेक्षा वेगळा, म्हणून चालही वेगळी. दोन्ही टिकले.

त्याही मागं इंडियानातल्या गॅरेटची क्रीक चब कंपनी. तिच्या जुन्या लाकडी लूरच्या धातूच्या लिपवर ९-७-२० असा पेटंटच्या तारखेचा ठसा असतो, म्हणजे ७ सप्टेंबर १९२०. त्या काळी अमेरिकन पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चाले. १९३७ नंतर ती कल्पना सगळ्यांची झाली. आज धातूची लिप लावणाऱ्या कुणालाही आपण क्रीक चबचा चोर म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

यावरून माझं मत असं बनलं आहे. लूरमध्ये चार थर असतात आणि प्रत्येकाचा न्याय वेगळा. पहिला थर तत्त्वाचा: लिप लावली की लूर डुबतो, सांधा दिला की शेपूट वळते, पोटात शिसं घातलं की अंग सावरतं. हे सगळ्यांचं. दुसरा थर बाह्यरेषेचा. माशाची बाह्यरेषा शेवटी माशाची आहे. जाडं अंग, सडपातळ अंग, चपट्या कुशी हे प्रकार कोणाच्या मालकीचे नाहीत. तिसरा थर मापांचा: एखाद्या हयात कारागिराचा ठराविक नमुना मिलिमीटरला मिलिमीटर, शिशाच्या जागेसकट उतरवणं. घरी, स्वतःच्या पेटीसाठी, शिकण्यासाठी खुशाल करा. विकायचा असेल तर आधी त्याला विचारा. चौथा थर सहीचा: नाव, क्रमांक, डोळा काढायची लकब, कल्ल्याची रेषा, त्या माणसाचीच म्हणून ओळखली जाणारी रंगसंगती. याला हात लावायचा नाही. भेट म्हणून नाही, गंमत म्हणूनही नाही. भेट दिलेला लूर दहा वर्षांनी कुणाच्या हातात जाईल आणि काय म्हणून विकला जाईल, हे तुमच्या हातात राहत नाही.

आणि एक प्रकार मला या चारांपेक्षा वाईट वाटतो. दुसऱ्याच्या लाकडी लूरवरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि रेझिन ओतायचं. यात करवतीची खूणसुद्धा दुसऱ्याची उतरते. तुमचा हात, तुमची नजर कुठंच लागत नाही. लाकडात नक्कल करणाऱ्याला निदान दहा निर्णय घ्यावे लागतात. (घट्ट पॉलीयुरेथेन रेझिन पाण्यापेक्षा जड असतं, त्यात पोकळ काचेची भुकटी मिसळल्याशिवाय ते तरंगतही नाही, त्यामुळे असे बरेच लूर दगडासारखे बुडतात. त्यात मला थोडं समाधान वाटतं.)

कायदा या सगळ्याला फार पुरत नाही. अमेरिकेत उपयुक्तता पेटंट अर्जापासून २० वर्षं आणि डिझाइन पेटंट मंजुरीपासून १५ वर्षं चालतं. हातानं दोन-तीनशे लूर करणारा क्वचितच त्या वाटेला जातो. भारतात डिझाइन कायदा २००० प्रमाणे नोंदणी १० वर्षांची, पुढं ५ वर्षं वाढवता येते. पण डिझाइन नोंदणीआधी जाहीर झालेलं नसावं लागतं. म्हणजे आधी फोटो टाकला, दहा लूर विकले, मग नोंदणीला गेलात तर उशीर झाला. नोंदणी न केलेल्या डिझाइनवरचा कॉपीराइट, औद्योगिक पद्धतीनं ५० हून अधिक प्रती निघाल्या की संपतो, हेही लक्षात ठेवा. ट्रेडमार्क नावाला मिळतो आणि दर १० वर्षांनी नवा करता येतो. छोट्या कारागिरासाठी तेवढंच परवडणारं हत्यार आहे.

आता कित्ता नीट कसा गिरवायचा ते. आकाराआधी मोजमाप: वजन गळासह आणि गळाशिवाय, आकारमान वर सांगितल्याप्रमाणे, तोलबिंदू पट्टीच्या धारेवर लूर आडवा ठेवून. मग उभ्या काचेच्या भांड्यात तरंगवून बाजूनं फोटो घ्या आणि पाठ पाण्याशी किती अंशात आहे ते कागदावर काढा. शिसं कुठं आहे हे फोडल्याशिवाय दिसत नाही, पण तोलबिंदू आणि तरंगण्याचा कोन यांवरून जवळपास कळतं.

लाकूड निवडताना प्रत्येक ठोकळा तोला. ७० × ३० × २५ मिमीचा ठोकळा ५२.५ घन सेंमी भरतो. बाल्साचा तो ५ ग्रॅमही भरेल आणि साडेदहाही, एकाच दुकानातून, कधी एकाच फळीतून. तयार अंगात १४ घन सेंमीवर हा फरक जवळजवळ १.५ ग्रॅमचा पडतो. विमानाच्या मॉडेलसाठी बाल्सा विकणाऱ्यांकडं छान हलका माल मिळतो, पण लूरसाठी फार हलका नको. गळाच्या ओरखड्यांनी तो लवकर चेपतो. ठोकळ्यावर पेन्सिलीनं वजन लिहून ठेवा आणि साधारण सारख्या वजनाच्या पाच-पाच ठोकळ्यांचे गठ्ठे करा. पांगाऱ्यालाही हेच लागू. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पांगारा वापरला जातो तो हलका आणि कापायला मऊ म्हणून. मात्र ओला असताना कोरलात तर अंग वाळताना पिळतं आणि लिपची खाच वाकडी होते.

सगळ्यात महत्त्वाचा क्रम हा: ठोकळा चौकोनी आहे तोवरच सगळी अचूक कामं उरकायची. मध्यरेषा चारी बाजूंनी आखा. लिपची खाच कापा. शिशाचं भोक आणि तारेची चीर पाडा. त्यानंतर फर्म्यानं बाह्यरेषा काढून कापा आणि शेवटी कडा गोल करा. बरेच जण आधी सुंदर मासा कोरतात आणि मग गोल अंगावर खाच मारायला जातात. गोल अंगाला धरायला सरळ बाजू नसते. खाच १ अंशानं जरी कलली तरी लूर आयुष्यभर एका बाजूला पळतो. १.५ मिमीच्या शीटसाठी हॅक्सॉची दोन पाती टेपनं एकत्र बांधून कापलं की खाच नेमकी पडते. आधी टाकाऊ तुकड्यावर बघा. कडा गोल करताना जाडीचे चार भाग आखून बाहेरच्या चौथाईवर ४५ अंशाचा उतार आधी मारा, मग कानस, मग १२० आणि २४० चा पॉलिश पेपर. नजरेनं गोल करत गेलात तर एक गाल दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरभर जाड राहतोच.

लिपला पॉलीकार्बोनेट घ्या, ॲक्रिलिक नको. दोन्ही सारखी दिसतात, पण ॲक्रिलिक खडकाला आपटल्यावर कोपऱ्यातून तुटतं. चपट्या कुशीच्या लूरला टेनेसी-कॅरोलायनाकडचे कारागीर सर्किट बोर्डची ०.८ मिमी लिप लावतात. पातळ कडेमुळे पाणी झटकन सुटतं आणि हेलकावा तीक्ष्ण होतो. लिप अंगाच्या रेषेत जितकी पुढं झुकेल तितका लूर खोल जातो, जितकी उभी राहील तितका उथळ. बाल्सात स्क्रू-आय (पेचाच्या कड्या) एकटे टिकत नाहीत, मोठ्या माशाच्या झटक्यात उपटून येतात. ०.८ ते १ मिमीची स्टेनलेस तार नाकापासून शेपटापर्यंत एकसंध घाला, पोटाच्या गळाचा आकडा त्यातच वळवा.

मग अस्तर. लूर मरतो तो बहुधा इथंच. शेपटाकडं तार बाहेर येते त्या भोकात आणि लिपच्या खाचेत लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात, ते वातीसारखं पाणी ओढतात. पातळ एपॉक्सीचा पहिला हात तिथं टोचणीनं आत भरा. लूर तोला, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. ०.१ ग्रॅम जरी वाढला तरी कुठंतरी फट आहे. रंगानंतर ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही. तोवर आतलं पाणी उन्हात तापून रंगाला फोड आणायला मोकळं. कोकणात पावसाळ्यात एपॉक्सी लावाल तर दमटपणानं वर तेलकट, दुधी साय धरते आणि पुढचा हात चिकटत नाही. ती साध्या कोमट पाण्यानं धुऊन हलका पॉलिश पेपर मारा. जमलं तर ते काम ऑक्टोबरपर्यंत लांबवा. एपॉक्सीचे दोन भाग मोजताना डोळ्यावर विश्वास ठेवू नका, सिरिंजनं मोजा. प्रमाण चुकलं की चिकट ठिपके कायमचे राहतात. लूर सुकताना फिरत राहायला हवा. मायक्रोवेव्हच्या थाळीखालची मोटर मिनिटाला ५-६ फेरे देते, तोच वेग पुरेसा आहे. वायर मात्र नीट झाका, ती घरच्या विजेवर चालते.

पहिल्या अस्तरानंतर, रंगाआधी, पाण्यातली चाचणी. शिसं अजून भोकात पक्कं करू नका. सोल्डरची तार पोटाच्या गळाच्या दांड्याला गुंडाळा, ०.२ ग्रॅमनं वाढवत-कमी करत जा, टेपनं पुढं-मागं सरकवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. शिसं ५ मिमी पुढं गेलं की नाक खाली जातं, लूर लवकर डुबतो, हेलकावा आवळतो. मागं गेलं की फेक लांब जाते आणि चाल मंदावते. वेगात कुशीवर पडत असेल तर आधी शिसं वाढवा किंवा खाली सरकवा. तरीही पडला तर लिपच्या दोन्ही कडा समान अर्धा-अर्धा मिलिमीटर घासून अरुंद करा. लूर सरळ न येता तुमच्या उजवीकडं पळत असेल तर त्याचं नाक स्वतःकडं करून धरा आणि तंगूस बांधायची कडी केसभर डावीकडं वळवा. केसभरच. पक्कडीनं जोरात वळवली तर बाल्सातलं एपॉक्सी तडकतं.

आता लूर 'आपला' कसा होतो ते. बिग ओ टेनेसीच्या गोड्या पाण्यातल्या बाससाठी घडला. खाडीत कांदळवनाच्या मुळांशी जिताड्यासाठी लूर करायचा म्हटला तर पहिलाच आकडा बदलतो. जिताडा बारीक तारेचे गळ जबड्यात चिरडून सरळ करतो. जाड तारेचे मोठे गळ घेतले की दोन गळ २ ग्रॅमचे ५ ग्रॅम होतात. ३ ग्रॅम वाढ! १४ घन सेंमीचं पांगाऱ्याचं अंग ती पेलूच शकत नाही. खारं पाणी थोडी मदत करतं: १.०२५ घनतेनं १७ घन सेंमीवर जेमतेम ०.४ ग्रॅम जादा उचल, तीही पावसाळ्यात खाडी गोडी झाली की जाते. मुळांत अडकलेला लूर दोर सैल सोडल्यावर आपोआप वर यावा, म्हणून शिल्लक ३ ग्रॅमच्या खाली नको. जड गळ पोटाखाली लटकतात, ते स्वतःच शिशाचं काम करतात, म्हणून आतलं शिसं १ ग्रॅमपर्यंत उतरवता येईल. अंग १९-२० घन सेंमीवर जाईल. तार १.२ मिमी. ओहोटीच्या प्रवाहात लिप आधीच पाणी झेलते, म्हणून ती छोटी आणि उभी. हे आकडे मांडून झाले की समोरचा फर्मा निरुपयोगी होतो. तुमच्या पाण्यानं आणि तुमच्या माशानं तो बदलायला लावला.

रंगाचंही तसंच. लाल डोकं-पांढरं अंग ही संगती शंभर वर्षांपासून सगळे वापरतात, ती बिनधास्त वापरा. लग्नाच्या ओढणीची बारीक जाळी ताणून वरून एअरब्रश मारला की खवले उमटतात, ही युक्तीही सगळ्यांची. पण दुसऱ्याच्या लूरचे रंग उतरवण्यापेक्षा बाजारातून ताजा बोय आणा. पाठ काळपट हिरवी-करडी, कुशीवर खवल्यांच्या ओळींनी पडलेल्या अंधुक रेषा, पोट चंदेरी पांढरं. मासा मेल्यावर रंग झपाट्यानं उतरतो, म्हणून फोटो लगेच आणि सावलीत काढा. उन्हात चांदी फक्त पांढरी दिसते. डोळा आणि कल्ला तुमच्या हातानं, एकाच पद्धतीनं, प्रत्येक लूरवर. ती तुमची सही.

तुमच्या हातातल्या त्या पहिल्या लूरचं काय? तो ठेवा, विकू नका. त्यात ३ ग्रॅम शिसं परत घाला. हळू वर येईल, पण सरळ पोहेल, आणि थांबवून-थांबवून ओढायला उलट बराच. दुसरा १७ घन सेंमीचा करा. तो विकायला माझी हरकत नाही. पुठ्ठ्यावर 'बिग ओच्या धर्तीवर' असं स्पष्ट छापा आणि नाव तुमचं स्वतःचं द्या. 'ओ'शी यमक जुळवू नका. पोटावर नाव, क्रमांक, लाकूड आणि वजन शेवटच्या एपॉक्सीच्या हाताआधी लिहा. अल्कोहोलच्या मार्करची शाई एपॉक्सीखाली पसरून निळा डाग पडतो. पिगमेंट शाईचं बारीक पेन घ्या, अर्धा दिवस सुकू द्या. तोच क्रमांक वहीत ठोकळ्याच्या वजनासमोर.